काळे, काळा, दोन किलो

लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मी लहानपणापासून जातेय, आधी आईच्या मागे पिशव्या धरायला आणि आई गेल्यावर एकटी, पण त्याबद्दल कधी कुठे लिहिलं नव्हतं. यंदा लिहितेय कारण मागच्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्याने माझं जाणं झालं नाही आणि काळा मसाला पॅकेटमधला, ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पॅकेट फोडलं तर आतली पूड खरंच काळी होती, म्हणजे दंतमंजनासारखी काळी, आणि वास करपलेल्या पोळीचा. मटकीच्या रश्शात दोन चमचे घातला तर अख्खा रस्सा कडवट झाला, मुलाने ताट बाजूला सारलं आणि मी ते पातेलं ओतून दिलं. मटकी भिजवून मोड आणून दोन दिवस वाट बघितलेली असते हो, ते ओतून देताना फार जीवावर येतं.

तर पहिलं सांगायचं म्हणजे काळा मसाला काळा नसतो. चांगला काळा मसाला गडद चॉकलेटी असतो, उन्हात धरला की त्यात लालसर झाक दिसते आणि चिमटीत चोळला की बोटाला खोबऱ्याचं तेल लागतं. त्याला काळा म्हणतात ते तो भाजून कुठपर्यंत नेलाय त्यावरून. त्यातही प्रत्येकाचा काळा वेगळा. पुण्याकडच्या कितीतरी घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात, आमटीत चिंच-गुळाबरोबर घालतात तो, त्यात मिरची नाहीच किंवा नावापुरती. आमचा नगरकडचा काळा म्हणजे मिरचीसकट, खोबरं पुढे नेलेलं, झणझणीत. सोलापूरकडे काळं तिखट असतं ते परत निराळं. त्यामुळे लालबागला जाऊन नुसतं "काळा द्या" म्हणून भागत नाही, कुठला काळा, कुणाच्या घरचा काळा ते सांगावं लागतं, आणि तिथली चांगली दुकानं ते आधी विचारतात. मी ज्या दुकानात जाते त्यांनी तर पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "गाव कुठलं?"

हा विषय माझ्या जरा जास्तच जवळचा आहे कारण माझं आडनाव काळे. लग्नानंतर बदललं नाही, तेच ठेवलं. नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो वपुंचे कोण लागता का, वपु मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते एवढंच मला माहीत, आम्ही त्यांचे कोणी नाही. राहायला आम्ही पहिल्यापासून गोरेगावला. काळे राहणार गोरेगाव, यावरून शाळेत किती ऐकलंय ते मलाच माहीत, त्यात रंगाने मी सावळ्याच्या पुढची, म्हणजे नाव आणि रंग दोन्ही जुळलं म्हणून पोरं चिडवायची. बाबा काळे असून चांगले गोरेपान, काका गव्हाळ, त्यांना कोणी काही म्हणायचं नाही. आडनाव हे आडनाव असतं, ते माणसाच्या रंगावर ठेवलेलं नसतं, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलीला हे कोण समजावणार. आईने समजावलं, आणि ते लालबागलाच, त्याच दुकानात. त्याबद्दल पुढे लिहिते.

दुकानाचं नाव मला आजही धड सांगता येणार नाही कारण आम्ही कधी पाटी वाचलीच नाही. आई त्याला "काळ्या डब्यांवालं" म्हणायची. आत फळीवर ओळीने मोठे पत्र्याचे डबे आहेत, धुराने आणि तेलाच्या हातांनी काळे झालेले, त्यात खडा मसाला. करी रोडला उतरून चालत गेलात तरी जवळ आहे. गोरेगावहून मी दादरला गाडी बदलून स्लोने करी रोडला येते, दोन स्टेशनं. लालबाग, पलीकडे काळाचौकी, त्याच्या पलीकडे कॉटन ग्रीन, लाल काळा हिरवा असे तीन रंग चालत जायच्या अंतरावर आहेत आणि माझ्या मुलाला लहानपणी खरंच वाटायचं की काळाचौकीला सगळं काळं असणार.

यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेले, मंगळवारी. रविवारी अजिबात जाऊ नका, मार्च ते मे पाय ठेवायला जागा नसते, सगळी मुंबई पावसाच्या आत वर्षाचं तिखट-मसाला करून घ्यायला तिथेच येते. माझं प्रमाण आईचं आहे, वहीत लिहिलेलं. १ किलो धने, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो मिरची, त्यात अर्धी ब्याडगी रंगाला आणि अर्धी संकेश्वरी तिखटाला, दीडशे ग्रॅम तीळ, खसखस, जिरं आणि हळकुंड ५०-५० ग्रॅम, मग लवंग, दालचिनी, मिरी, शहाजिरं, मसाला वेलची, तमालपत्र, दगडफूल हे सगळं २५-२५, आणि बाद्यान, नागकेशर, जायपत्री १०-१०. हिंगाचा खडा घरून नेते. कांदा-लसूण घालत नाही, वर्षभर टिकायला हवा म्हणून. सगळं मिळून दोन किलो. काउंटरवरच्या दादाने प्रत्येक जिन्नस हातावर घेऊन दाखवला, दगडफूल तर मुद्दाम उलटं करून दाखवलं, वरून राखाडी आणि खालून काळं. नुसतं हुंगलं तर त्याला काही वास नसतो, तेलात पडलं की मगच बोलतं. मागच्या एका दुकानात मला काड्या-माती मिसळलेलं दगडफूल मिळालं होतं, इथे एक काडी निघाली नाही. धने मात्र मी दुसरे मागितले, पहिले जरा जुने वाटले, त्याने कुरकुर न करता दुसरं पोतं उघडलं. ह्याचे मी वेगळे मार्क देते.

मग भाजणी. मागच्या बाजूला दोन मावशी मोठ्या कढयांवर बसलेल्या असतात, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, भाजणावळ किलोवर. मी शेजारी स्टूल घेऊन बसते कारण हेच खरं बघण्यासारखं आहे. धने थोड्या तेलावर. तीळ कोरडे, तडतडायला लागले की खाली. खोबऱ्याचे काप सगळ्यात जास्त वेळ खातात आणि काळ्या मसाल्याचा जीव तिथे आहे. मावशी उलथन्याने काप हलवत होत्या, पांढरे होते ते बदामी झाले, मग तपकिरी, तेल सुटायला लागलं, धूर यायच्या जरा आधी मावशींनी एक काप माझ्यासमोर मोडला.

"काळसर झालंय बघा ताई. अजून नेऊ?"

"थोडं."

"थोडंच नेते. काळसर पाहिजे, काळपट नाही करायचं. ह्याच्यापुढे गेलं तर काळंठिक्कर होईल मग कडू लागतं."

मी तिथे बसल्या बसल्या विचार करत होते की ह्या बाईने एका कढईत तीन काळे मोजले. काळसर म्हणजे काळ्याकडे निघालेलं, छान. काळपट म्हणजे काळं व्हायला नको होतं तिथे झालेलं, जसं केळं काळपट पडतं किंवा चांदी काळपट पडते. काळंठिक्कर म्हणजे गेलं. आणि आपल्याकडे एवढ्यावर थांबत नाही, रात्र काळीकुट्ट असते पण केस काळेभोर, डोळे काळेभोर, जमीन काळीभोर, भोर लागलं की त्यात जीव जडलेला असतो, करपलेल्या खोबऱ्याला कोणी काळंभोर म्हणणार नाही. कातळ काळाकभिन्न. मार खाल्लेला माणूस काळानिळा, उन्हात फिरलेला काळवंडलेला. ज्या पॅकेटवाल्यांनी मला ती पूड विकली त्यांच्याकडे काळसर म्हणून कढई उतरवणारं माणूस नव्हतं, बाकी जिन्नस तेच छापलेले होते पॅकेटवर, मी वाचून बघितले.

भाजणीला सव्वा तास लागला. मध्ये चहावाला आला, मी दूध घेत नाही म्हणून म्हटलं बिनदुधाचा दे, तो म्हणाला "कोरा का, देतो". हे मला नेहमी आवडतं. जगाने ज्याला काळा म्हटलं त्याला आपण कोरा म्हणतो, म्हणजे ज्यात अजून काही मिसळलेलं नाही असा. कोरा कागद, कोरी साडी, कोरा चहा. हल्ली हॉटेलात काळा चहा म्हणायला लागलेत, माझ्या कानाला ते खटकतं.

शाळेतल्या चिडवण्याचं म्हणत होते ते असं. मी चौथीत असेन, आईबरोबर ह्याच दुकानात आले होते आणि रडून डोळे सुजलेले, वर्गातल्या एका मुलीने मला तव्याचा बुडखा म्हटलं होतं. आईने तिथे काही समजूत घातली नाही. तिने डब्यातली काळी मिरी माझ्या मुठीत दिली आणि विचारलं ह्यातली एक पांढरी झालेली दिसली तर घेशील का. मग घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये आम्ही खेळ खेळलो, काळं काय काय ते सांगायचं. काळे तीळ, काळे उडीद, काळे वाटाणे ज्याचं आमच्या शेजारच्या मालवणी काकू सांबारं करायच्या, काळे मनुके. आईच्या गळ्यातले काळे मणी. बाळाला लावतात ती काजळाची तीट. पाटा-वरवंट्याचा काळा दगड. आजोबा गावाला जमिनीला नुसतं "काळी" म्हणायचे, काळीत गेलेत म्हणजे शेतात गेलेत, आणि वस्तीला "पांढरी", गावाचे हे दोनच भाग, आणि पोट भरायचं ते काळीवर. बाबा पेटी वाजवायचे, त्यांच्या तोंडी कायम काळी एक, काळी चार असायचं, आत्या काळी चारमध्ये गायची. आणि पंढरपूरचा विठोबा, त्याला तर आजी काळा म्हणूनच हाक मारायची, लाडाने.

संक्रांत त्या वर्षी थोड्या दिवसांवर होती आणि आईने माझ्यासाठी काळं परकर-पोलकं शिवलं, वर हलव्याचे दागिने. एरवी सणाला काळं नको म्हणणारे सगळे त्या दिवशी काळ्यात असतात, चंद्रकळा नेसलेल्या बायका बघून घ्याव्यात. त्या काळ्यावर हलव्याचा पांढरा इतका उठून दिसत होता. माझा तो फोटो अजून आहे.

वाईट अर्थही आहेत, ते मी झाकून ठेवत नाही. काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी, तोंड काळं करणं, काळं फासणं, डाळीत काही तरी काळं. लग्नाच्या जाहिरातीत अजूनही मुलगी "गोरी" पाहिजे असते आणि काळी असेल तर आईबाप "निमगोरी" लिहितात, ह्याचा मला राग येतो आणि तो कमी झालेला नाही. माझ्या भाचीला मागच्याच वर्षी एका स्थळाने फोटोवरून नाही म्हटलं. पण त्याच घरात सुनेच्या गळ्यात काळे मणीच घालणार आहेत ना. निषेधाला आपण काळी फीत लावतो, काळे झेंडे दाखवतो, आणि पक्क्या शब्दाला काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. लिहिण्याला पांढऱ्यावर काळं करणं म्हणतात, आता मी करतेय तेच. एकच शब्द एवढ्या ठिकाणी राबतो, त्यातला एकच अर्थ उचलून माणसाच्या तोंडावर फेकायचा हे मला पटत नाही.

असो, मसाल्यावर येते. भाजलेलं सगळं पंख्याखाली पसरून पूर्ण गार करतात, हे महत्त्वाचं, गरम कुटलं तर वाफ धरून मसाला लवकर खराब होतो. मग डंखावर. डंख म्हणजे लोखंडी मुसळं वरून खाली आपटत असतात, गिरणीसारखं दळत नाही, कुटतं. ह्यात तीळ-खोबऱ्याचं तेल बाहेर येऊन गोळा होत नाही, घरच्या मिक्सरला तोच प्रॉब्लेम होतो, पूड व्हायच्या ऐवजी लगदा होतो. कुटताना जो वास सुटतो आणि जी खाट उडते त्याने डोळ्यांतून पाणी येतं, रुमाल ओला करून न्या. दमा असेल त्यांनी आत थांबू नये.

इथे माझी एक तक्रार आहे. माझ्या आधी कुणाचा तरी मालवणी मसाला कुटला होता आणि डंख नीट न झाडता माझा घालायला निघाले होते. मी थांबवलं. त्यांनी मग ब्रशने झाडून घेतलं, पण सांगावं लागलं. तुम्ही गेलात तर उभं राहून झाडून घ्या, किंवा आधीचा कुणाचा काळाच कुटलेला असेल त्याच्या मागे नंबर लावा. दुसरी तक्रार वेळेची, सकाळी १० ला पोचले ती दीड वाजता बाहेर पडले. तिसरी म्हणजे बसायला जागा नाही, माझ्यासारख्या गुडघेवालीला ते स्टूल मावशींनी स्वतःचं दिलं म्हणून मिळालं.

पिशवीवर मार्करने चिठ्ठी होती, "काळे – काळा – २ कि." काउंटरवरचा पोरगा ओरडला, "काळेंचा काळा झाला!" आतून मावशी म्हणाल्या, "अरे काळेंचा काय, काळ्यांचा म्हण." मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. आमच्या आजीच्या पिढीत काळ्यांकडे हळदीकुंकू, गोऱ्यांची सून, खऱ्यांचा वाडा असंच म्हणायचे. आता सगळे काळेंकडे, गोरेंची, खरेंचा म्हणतात, बहुतेक समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, काळ्यांचा म्हटलं तर रंगावर बोलल्यासारखं होईल म्हणून. माझ्याशी बोलताना तरी काळ्यांचा म्हणा, मला चालतं, मला तेच आवडतं. पोरगा जरा बावरला आणि परत ओरडला, "काळ्यांचा काळा!" रांगेतल्या दोन बायका हसल्या, मीही हसले, आणि मुठीत मिरी धरून इथेच उभी असलेली मी मला आठवले.

पैसे सांगायचे तर जिन्नस, भाजणावळ, कुटाई सगळं धरून मला दीड हजाराच्या थोडं आत पडलं, हातात आला पावणेदोन किलो आणि वर थोडा, कारण देठ-साल जातं आणि भाजून वजन उतरतं. पॅकेटच्या भावाने बघितलं तर स्वस्तच. डबा घरून न्या, त्यांची प्लास्टिकची पिशवी पातळ असते आणि वास सगळ्या लोकलला जातो. मी दोन स्टीलचे डबे नेले होते, गुडघा बोलत होता म्हणून दादरपर्यंत काळी-पिवळी केली. ती पण बघा, पद्मिनी गाड्या ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेल्या तरी नाव काळी-पिवळीच, टॅक्सी हा शब्द लावायचीही गरज पडत नाही. आणि काळा घोडा, तिथला मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला, नवीन घोडा २०१७ मध्ये बसवला, मधली ५२ वर्षं घोडा नसताना सगळी मुंबई त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिली. टॅक्सीवाल्या काकांनी अर्ध्या वाटेत आरशातून विचारलं, "काळा मसाला आहे ना? नगरचा?" वासावरून! ते पारनेरकडचे निघाले.

चव. पहिल्या दिवशी काही करू नये, मसाला डब्यात दोन-तीन दिवस मुरू द्यावा, मी चौथ्या दिवशी मटकी केली. तेलात कांदा, मग लसूण-खोबऱ्याचं वाटण, त्यावर दोन चमचे काळा, गॅस बारीक आणि मसाला पडल्यावर लगेच चमचाभर गरम पाणी, नाहीतर मेहनतीने काळसर केलेलं इथे काळंठिक्कर होतं. तर्री आली ती तांबूस-काळी, वर तेलाचा थर आणि खाली दाट. धन्याचा गोडवा आधी येतो, मग दगडफुलाचा तो मातकट वास, संकेश्वरी शेवटी घशात. मुलगा भाकरी कुस्करून तिसऱ्यांदा रस्सा घ्यायला उठला. पुढच्या रविवारी भरली वांगी केली, ती मटकीपेक्षा छान झाली, वांग्याला हा मसाला जास्त मानवतो असं माझं मत. पाटवडीचा रस्सा अजून करायचाय. आमटीत मात्र घालू नका, आमटीला पुणेरी गोडाच हवा, ह्याने आमटी जड होते.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा डंख न झाडल्याचा कापला.

अर्धा किलो भाचीला दिलाय, डब्यावर चिठ्ठी तीच चिकटवून, "काळे – काळा". मे महिन्यात नुसत्या तिखटासाठी परत जाणार आहे, ह्या वेळी तिला बरोबर नेतेय, पिशव्या धरायला.